सातव्या मजल्यावरचा कंदील

"कात्री खाली ठेव! बाळ्या, आधी ती कात्री खाली ठेव."

ताई, हे तू स्टुलावर उभं राहून, दातांत दोन क्लिपा धरून ओरडली होतीस. दातांत क्लिपा असताना माणसाला इतकं स्वच्छ ओरडता येतं, हे मला तेव्हा कळलं. तुझ्या नोएडाच्या सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून जो आवाज सुटला तो थेट खाली गेटवर पोचला आणि गार्ड काठी घेऊन लिफ्टकडे धावला. समोरच्या टॉवरमधल्या बायकांनी पडदे बाजूला केले. शेजारची पम्मी पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली, कारण तिची खात्री झाली की बहीण-भावाची फ्लॅटवरून जुंपली. यमुनेच्या पुलावर मेट्रो दोन मिनिटं थांबली होती म्हणतात. मी काही चौकशी केलेली नाही, पण कुणी नाकारलेलंही नाही.

इथे तू मला अडवलं असतंस. "दहानं भागा," असं तू समोरच्या पाहुण्याला सांगायचीस, ताटाकडे मीठ सरकवावं तितक्या सहज. आमच्या बाळ्यानं काहीही सांगितलं की ते दहानं भागायचं, मग खरं काय ते उरतं. जन्मभर तू माझ्या मागे मागे भागाकार करत फिरलीस. तुझ्या तेराव्याला मी ही कात्रीची गोष्ट सांगितली, तर सगळ्यांनी ती जशीच्या तशी घेतली. मेट्रोसकट. माना डोलावल्या. एक गृहस्थ तर म्हणाले, हो हो, मी होतो त्या मेट्रोत. ताई, त्या क्षणी मला पहिल्यांदा नीट कळलं की तू गेलीस.

आणि माझा गुन्हा तरी काय होता? रोप लाइट जरा लांब झाली होती. कंदिलाच्या सांगाड्यावर गुंडाळून झाल्यावर हातभर शेपूट उरलं होतं आणि मी ते कापायला निघालो होतो, मेथीच्या जुडीची देठं उडवतात तसं. तू खाली उतरलीस, क्लिपा तळहातावर काढल्यास आणि ती पारदर्शक नळी माझ्या नाकासमोर धरलीस. आत बारीक दिव्यांची रांग, आणि ठरावीक अंतरावर नळीवर छापलेली एवढीशी कात्रीची खूण. कापायचं ते फक्त त्या खुणेवर. मध्येच कुठे कापलं तर दोन खुणांमधला सगळा तुकडा मरतो, म्हणालीस, आणि मेलेला तुकडा बरोब्बर कंदिलाच्या नाकावर येतो. मी म्हणालो, हे आधी सांगायचं. तू म्हणालीस, छापलंय की, आणखी काय दवंडी पिटू?

भाऊजी आत खुर्चीत पेपर वाचत होते. एवढ्या आरडाओरड्यात त्यांनी फक्त पान उलटलं. मंत्रालयात जन्म काढलेला माणूस. महिन्याला एक वाक्य बोलायचे आणि निवृत्तीनंतर त्यातही काटकसर. तू त्यांना प्लगाला हात लावू द्यायची नाहीस, कारण लग्नानंतर लगेच त्यांनी कधी तरी इस्त्रीचा प्लग बसवला आणि दिल्लीतल्या अख्ख्या लक्ष्मीबाई नगरचे दिवे गेले. दहानं भागलं तरी निदान एका क्वार्टरचे गेले होतेच. तेव्हापासून घरातली वीज तुझी आणि पेपर त्यांचा, अशी वाटणी.

कंदिलाचं वेड तुझ्यात आलं ते बाबांकडून. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांच्या त्या लांबच लांब रांगेत बंगाली होते, तमिळ होते, आसामचं एक कुटुंब होतं, पहाडी होते. कंदील एकच, आपला. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, आत पिवळा बल्ब. समोरचे तमिळ काका त्या दिवसांत आपल्या पाहुण्यांना स्वतःच्या घराचा पत्तासुद्धा कंदिलावरून सांगायचे. आणि दर दिवाळीला कुणी तरी अनोळखी मराठी माणूस तो बघून जिना चढून यायचा. नवीन बदली होऊन आलेला, घरी जायला रजा न मिळालेला, बावरलेला. बाबा त्याला नाव विचारायच्या आधी बसायला पाट द्यायचे. तू तेव्हा परकरात होतीस आणि कागदाला खळ लावायचं काम तुझं. माझं काम खळ खायचं.

पुढे तू नोएडाला आलीस. सातव्या मजल्यावर कागदी कंदील टिकेना. त्या वाऱ्यानं पहिल्या वर्षीचा कंदील उडाला तो गाझियाबादच्या दिशेनं गेला आणि तिथल्या एका कुटुंबानं तो अजून जपून ठेवलाय. तेव्हा तू ग्रिलवाल्याकडून सळईचा षटकोनी सांगाडा करून आणलास आणि ठरवलंस की कागद नको, कंदिलाच्या रेघाच उजेडाच्या करायच्या. रोप लाइटच्या.

त्या लाइटच्या खरेदीला तुझ्याबरोबर गेलो नसतो तर माझ्या आयुष्यातल्या निम्म्या गोष्टी कमी झाल्या असत्या. दिवाळीआधी चांदणी चौकातल्या भगीरथ पॅलेसच्या त्या दिव्यांच्या बाजारात शिरलं की पाय जमिनीला लागत नाहीत, गर्दीच उचलून नेते. तू मात्र खांबासारखी एका दुकानासमोर रुतलीस. दुकानदारानं अख्खं गुंडाळं तसंच्या तसं पेटवून दाखवलं, तर तू म्हणालीस, आधी सगळं उलगडा. गुंडाळलेलं पेटवून ठेवलं की तापतं, आणि जो दुकानदार हे करतो त्याचा माल आधीच अर्धा भाजलेला असतो, हे तू मला मराठीत सांगितलंस आणि त्याच्याकडे बघून गोड हसलीस. त्यानं बिचाऱ्यानं ती दोरी दुकानभर पसरली, गिऱ्हाइकं उड्या मारत ये-जा करू लागली. मग तू तिचं टोक मनगटाभोवती गुंडाळून बघितलंस, बांगडीसारखं. बांगडी झाली तर कंदील होणार, ताठ राहिली तर पडद्याचा पाइप. मग वास घेतलास. मग पेटती ठेवून पाच मिनिटांनी हात लावलास. मग शेवटचं रबरी टोपण ओढून बघितलंस, कारण दव आत शिरतं ते तिथूनच.

दुकानदार शेवटी म्हणाला, "माताजी, लाइट ले रही हैं या लड़का देख रही हैं?"

"लड़का तो बिना जलाए ही ले लिया था," तू म्हणालीस.

लड़का तुझ्यामागे पिशव्या धरून उभा होता. ताई, मी शपथेवर सांगतो, आणि हे दहानं भागू नकोस: भाऊजी हसले. दात दिसले.

रंगावरून मात्र आपलं कधीच जमलं नाही. तुला तो पिवळसर पांढरा हवा, तुपाच्या निरांजनाच्या जवळ जाणारा. दुसरा पांढरा तू दुरूनच नाकारायचीस. तो निळा आहे, म्हणायचीस, दवाखान्याचा आहे. माझं म्हणणं, दिल्लीची दिवाळी आहे, लाल-हिरवी-निळी पळती लाइट घेऊ, कंदील नाचला पाहिजे. तू म्हणायचीस, कंदील नाचत नाही, वाट बघतो. मी म्हणायचो, वाट बघणाऱ्यानं जरा नटून बसायला काय हरकत आहे? हे भांडण आपण दर वर्षी नव्यानं आणि तितक्याच ताज्या रागानं करायचो. मी अजून हरलेलो नाही. नोंद असू दे.

शिवाय त्या लाइटला टोकदार कोपरा मानवत नाही, आतली तार दुखावते, म्हणून तू प्रत्येक कोपरा गोल घ्यायचीस. त्यामुळे तुझा षटकोनी कंदील खालून बघितला की थेट भोपळा दिसायचा. मी तसं म्हटलं की तुला राग यायचा. पण भोपळा तर भोपळा, तो लांबून दिसायचा. सगळ्या टॉवरांवर धबधब्यासारख्या माळा सोडलेल्या, निळ्याचं हिरवं होतंय, हिरव्याचं जांभळं, आणि मध्ये सातव्या मजल्यावर हा एकटा पिवळा, शांत, खाली झिरमिळ्या सोडलेला. मराठी माणसाला तो ओळखू यायचाच. कोल्हापूरकडचा एक ट्रक आग्र्याला जाता जाता एक्सप्रेसवेवरून वळून आला होता आणि त्यातल्या तिघांनी चिवड्याचा पिंप संपवला होता. बरं, ट्रक नव्हता, स्कूटर होती. पण माणूस कोल्हापूरचा होता आणि चिवडा संपला होता.

प्राजक्ता तशीच आली. वर्ध्याची पोरगी, दिल्लीत मुनिरकात एका खोलीत राहून शिकत होती. नोएडाला कुठल्याशा चॅनेलच्या ऑफिसात मुलाखतीला आलेली, संध्याकाळी परत जाताना तिला तुझा भोपळा दिसला आणि ती रिक्षातून उतरली. बेल वाजवून म्हणाली, इथे कुणी मराठी राहतं का? तू म्हणालीस, आधी चपला काढ, मग विचार. मग ती चकल्या खात रडली आणि रडता रडता चकल्यांचं कौतुक करत राहिली, असे काटे फक्त आमच्या आजीच्या चकल्यांना यायचे म्हणून. त्यानंतर ती दर लक्ष्मीपूजनाला येऊ लागली. तू तिचा फोन नंबर कधी घेतला नाहीस, आपला दिला नाहीस. मी एकदा म्हटलं, अगं नंबर घे, आजकाल कुणी असं करतं का. तू म्हणालीस, कंदील दिसला की यायचं, फोन कशाला?

आणि मग ते वर्ष आलं, आई गेली ते.

तू बाल्कनी अंधारी ठेवलीस. वर्षभर सण नाही, कढई चढायची नाही, कंदील माळ्यावर. दारात एक पणती, बस. त्यात वावगं काहीच नव्हतं, आपल्याकडे असंच करतात. मी एकदाच म्हणालो की आईला कंदील आवडायचा, तू ऐकलं नाहीस, आणि मी गप्प बसलो. मी गप्प बसलो हे वाक्य लोक दहानं भागतात, पण खरंच बसलो.

पुढच्या दिवाळीला प्राजक्ता आली आणि तिनं हसत हसत सांगितलं की काकू, मागच्या वर्षी मी आले होते. अंधार पडेपर्यंत या सगळ्या सारख्या टॉवरांमधून फिरत होते. गार्डला विचारलं, वो लालटेन वाली आंटी किस टॉवर में रहती हैं, तर तो नवीन होता, त्याला माहीत नव्हतं. वाटलं, तुम्ही घर बदललंत. मग परत गेले. मुनिरकात मॅगी केली.

ती हसत होती. तू चहा बघते म्हणून आत गेलीस आणि किती तरी वेळ आतून नुसता नळाचा आवाज येत होता.

ती गेल्यावर मी तोंड उघडलंच. म्हणालो, बघ. तू म्हणालीस, "आई गेली होती, बाळ्या. माझा हातच वर गेला नसता."

मी म्हणालो की माझा गेला असता, मला सांगायचं होतंस. यावर तू बराच वेळ झिरमिळीची गाठ सोडत बसलीस. मग अगदी सहज, भाजी काय करू विचारावं तसं, विचारलंस, मी गेल्यावर काय करशील?

आता असं काही कुणी विचारलं की माझी जीभ पळत सुटते, तुला माहीत आहे. मी म्हणालो, दहा कंदील लावीन. एकेका मजल्यावर एक. विमानं धावपट्टी समजून उतरतील.

"दहानं भाग," तू म्हणालीस आणि चिवड्याच्या डब्याचं झाकण लावलंस.

विषय तिथेच राहिला. तो तिथे राहू द्यायचा नव्हता. मला विचारायला हवं होतं की ताई, लावायचा की नाही, सरळ सांग. पुढे दवाखान्यात तुझ्या उशाशी बसलो होतो तेव्हा तर हे इतकं ओठांवर आलं होतं. तू वर ट्यूबलाइटकडे बघून म्हणालीस, निळा आहे बघ, मी म्हणत होते ना. आणि मी काय केलं? तुला एका नर्सची गोष्ट सांगितली, जी म्हणे एकाच हातानं अख्खा पलंग उचलून दुसऱ्या वॉर्डात नेते. तू पांघरुणातून हात बाहेर काढलास आणि बोटं पसरून मला दाखवलीस. एका हाताला सलाइन होतं म्हणून पाचच. पाचानं भागायची सूट मला तेवढी एकदाच मिळाली.

गणपती गेले आणि मागोमाग तूही.

दिवाळी जवळ आली तसे पुण्याहून नातेवाइकांचे फोन सुरू झाले. यंदा काही करायचं नाही, दारात एक पणती फक्त. अदितीला, तुझ्या लेकीला, बंगळूरला फोन केला, तर म्हणाली, मामा, बाबा जे म्हणतील ते. आणि बाबा काही म्हणत नसतात हे तिला काय माहीत नाही? मला रात्रंदिवस एकच दिसत होतं. एकीकडे तू, आईच्या वर्षी अंधारात बसलेली, तुझा नियम तूच घातलेला. दुसरीकडे ती पोरगी, हातात मिठाईचा डबा घेऊन टॉवरांच्या खाली मान वर करून फिरणारी. लावला तर तुझा नियम मोडणार, नाही लावला तर तुझा पत्ताच पुसला जाणार. दहाला दहानं भागलं की किती उरतात ते मला चौथीपासून येतं, ताई. पण ते तू हो म्हणून म्हणालीस की नुसतं सवयीनं, हे मला आजही माहीत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी मयूर विहारच्या माझ्या घरून मेट्रोनं तुझ्याकडे आलो. भाऊजी खुर्चीत, पेपरात. टेबलावर पम्मीनं सकाळीच आणून ठेवलेली थाळी झाकलेली. या घरात यंदा कढई चढणार नाही, हे त्या पंजाबी बाईला कुणी सांगावं लागलं नाही. तुझ्याच सोऱ्यानं तिनं चकल्या पाडल्या होत्या. झाकण उचलून बघितलं. इतकी वर्षं तू तिला शिकवलंस, पण तिच्या चकलीला काटे काही येत नाहीत. गुळगुळीत, जिलबीच्या धाकट्या बहिणी.

आम्ही दोघं बसलो. मी बोलत होतो, ते पानं उलटत होते. बाहेर ऊन उतरायला लागलं, समोरच्या बाल्कन्यांमधून माळा पेटायला लागल्या. मी म्हणालो, "भाऊजी, कंदील लावू का?"

त्यांनी पान उलटलं. मी स्टूल उचललं. त्यांनी पसरलेले पाय आत घेतले, स्टूल जाईल इतकी वाट दिली. याला परवानगी म्हणायची की नुसती शिस्त, मला कळेना. पण अडवलंही नाही, म्हणून मी माळ्यापर्यंत पोचलो.

कंदील आईच्या जुन्या पातळात गुंडाळलेला होता. तो मी सोडवला तेव्हा तुझ्या कपाटाचा वास आला आणि मी जरा वेळ स्टुलावरच बसलो. दोरी सांगाड्यावर तशीच, प्रत्येक गोल कोपऱ्यावर क्लिप. प्लगाची वायर तू वेगळी काढून ठेवायचीस, दोरीत खुपसायच्या तिच्या टोकाच्या पिना वाकू नयेत म्हणून. ती चकलीच्या जुन्या डब्यात मिळाली. मी ती दोरीच्या तोंडात खुपसली, कंदील हुकाला टांगला, झिरमिळ्या सरळ केल्या आणि बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. प्लग काढून दुसरीकडे लावला. तिथे मोबाइल लावून बघितला, तो चार्ज होत होता. मीटरच्या बोर्डापर्यंत जाऊन आलो. दोरीला थोपटलं, तू थोपटायचीस तसं, मग जरा रागानं. भोपळा काळा ठिक्कर. आजूबाजूला सगळ्या टॉवरांवरून निळ्याचं हिरवं आणि हिरव्याचं जांभळं होत होतं, आणि माझ्यासमोर एक सळईचा सांगाडा लोंबत होता.

ताई, मी शिकलेला माणूस आहे. तरी तिथे उभं राहून मी तुला म्हणालो, बरं. नको तर नको. इतकं स्पष्ट सांगायची गरज नव्हती. आणि सरळच असलेल्या झिरमिळ्या पुन्हा सरळ केल्या. मग राग आला. वाटलं, पहिलाच तुकडा मेला असेल. तेवढा काढून पुढून जोडू. आतून कात्री आणली, नळीवर बोट फिरवून खूण शोधली. या वेळी अगदी खुणेवर. पातं बरोब्बर त्या छापलेल्या रेघेवर ठेवलं.

"कात्री ठेव," मागून आवाज आला.

ओरडणं नव्हतं. पेपरची घडी घालावी तसा आवाज. भाऊजी उठून बाल्कनीत आले होते. मला वाटलं, आता म्हणतील, काढ तो, गुंडाळ. ते काही म्हणाले नाहीत. माझ्या हातातली दोरी त्यांनी घेतली, वायर तिच्या तोंडातून उपसून काढली, अर्धी फिरवली, पुन्हा आत दाबली आणि जोडावरचं आट्यांचं चाक आवळलं. ज्याला जन्मभर प्लगाला हात लावायची बंदी, त्यानं इतक्या सफाईनं, न बघता. मग बटण दाबलं.

तुझा भोपळा उजळला.

त्या पिनांना उलट-सुलट असतं, ताई. एका अंगानं बसल्या तर उजेड, दुसऱ्या अंगानं बसल्या तर काही नाही, धूर नाही, आवाज नाही, नुसता अंधार. इतकी वर्षं तुझ्या हाताखाली काढली आणि हे मला ठाऊक नव्हतं, कारण मी आलो की तू माझ्यासमोर ऐटीत एकदाच बटण दाबायचीस आणि म्हणायचीस, बघ, पहिल्या फटक्यात.

"ती पण दर वर्षी उलटीच लावायची," भाऊजी म्हणाले. "तू यायच्या आधी."

कात्रीचं सोडलं तरी दोन वाक्यं. दोन महिन्यांचा शिधा संपला. ते कठड्याला टेकून उभे राहिले आणि मी त्यांच्याकडे बघत बसलो. म्हणजे मी येईपर्यंत तू इथे एकटी दोरीशी झगडत असायचीस, पुटपुटत, ते पेपराच्या आडून बघत असायचे, आणि बेल वाजली की चेहरा पुसून, कधी चुकलेच नाही असा आव आणून उभी. मला आयुष्यभर दहानं भागलंस, लबाडे, आणि स्वतः? तुझ्या त्या पहिल्या फटक्याला कितीनं भागायचं ते सांग आता. मला इतकं हसू आलं की डोळे वाहायला लागले, किंवा उलटं झालं, आता नक्की आठवत नाही. त्या पिवळ्या उजेडात भाऊजींचा चेहरा बरा दिसत होता. निळ्यात इतका बरा दिसला नसता. एवढं मी देतो तुला, जास्त नाही. नाचता हवा होता हे माझं कायम आहे.

मला तुझं उत्तर मिळालं असं मी म्हणणार नाही. तू असतीस तर कदाचित रागावलीच असतीस. पुण्याला कळलं तेव्हा ते रागावलेच. पण आईच्या वर्षी तुझा हात वर गेला नव्हता म्हणून अंधार होता. तुझ्या वर्षी दोन हात वर गेले, त्यातला एक माझा, आणि दुसरा असा की ज्याच्याकडून तूही अपेक्षा केली नव्हतीस. तुझ्याकडून मी चकली शिकलो नाही, लाइट शिकलो नाही, खरं बोलायला तर नाहीच. वाट बघणं तेवढं शिकलो असेन. तेही त्या संध्याकाळीच.

फार वाट बघावी लागली नाही. बेल वाजली. मी दार उघडलं. प्राजक्ता, हातात सोनपापडीचा डबा, चपला आधीच काढलेल्या. आता ती नोएडातच नोकरी करते, पण अजूनही मान वर करून खूण शोधतच येते. आत शिरता शिरता बोलायलाच लागली की काका, यंदा मला मेट्रोतूनच दिसला, मी डब्यात सगळ्यांना दाखवला, माझं घर आहे म्हणून सांगितलं. बोलता बोलता तिनं स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथे दिवा नव्हता. मग तिनं भिंतीवरच्या तुझ्या नव्या फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काकू कुठायत?"

माझ्याकडे कशावरही गोष्ट तयार असते, ताई. मी तोंड उघडलं. आणि नुसता तिच्या हातातला डबा घेतला. बाल्कनीतून भाऊजी आत आले, खुर्चीवरचा पेपर उचलून बाजूला ठेवला आणि तिच्यासाठी जागा केली.

"ती गेली," ते म्हणाले. "बस. चकली यंदा पम्मीनं केलीय."